पांढरी शिवण

शर्ट पातेल्यातून काढला, निथळू दिला, दोरीवर टाकला आणि चार पावलं मागे जाऊन बघितलं. अंगभर फिकट बदामी रंग होता. बसला होता असं म्हणवत नाही, नुसता टेकला होता. पण दोन्ही काखांत गर्द पिवळे अर्धचंद्र उमटले होते. डाव्या छातीवर, खिशाच्या जरा वर, इंचभर अंतरावर दोन काळपट ठिपके. आणि पाठीवर, मानेखाली, बोटाएवढी एक पट्टी अशी की तिने रंग घेतलाच नव्हता.

वापरलेल्या कपड्यांच्या ढिगातून मी हा शर्ट निवडून आणला होता. जाड सुती कापड, घट्ट शिवण, काजं शाबूत. गेला होता तो फक्त पांढरेपणा. वर्षानुवर्षं धुऊन पांढऱ्या कापडाला जो एक थकलेला, पिवळट रंग येतो, तो त्याला आला होता. रंगवला की हे सगळं झाकलं जाईल, असा माझा हिशेब. कांद्याची टरफलं साठवली, उकळली, त्यात मीठ आणि व्हिनेगर घातलं, कारण त्याने रंग पक्का होतो असं बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं. झालं ते उलटंच. जे झाकायचं होतं ते वर आलं, आणि जे मला आधी दिसतही नव्हतं तेही वर आलं.

त्या दिवशी खूप वाईट वाटलं. पण शर्ट टाकवला नाही, आणि पुढचे कितीतरी दिवस ते काखेतले अर्धचंद्र डोळ्यांसमोरून हलेनात. अंगभर जो रंग धरला नाही तो नेमका तिथेच इतका झकास कसा धरला?

उत्तर फार जुनं आहे. प्लिनी नावाचा रोमन लेखक, जो इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकाच्या वेळी मरण पावला, त्याने आपल्या निसर्गविषयक ग्रंथात इजिप्तमधल्या कापड रंगवण्याची एक नोंद केली आहे. तिथले रंगारी पांढऱ्या कापडावर आधी रंग लावत नाहीत, रंग धरून ठेवणारी द्रव्यं लावतात. ती लावल्यावर कापडावर काहीच दिसत नाही. मग ते कापड उकळत्या कढईत बुडवतात. कढईतला रंग एकच असतो, पण कापड बाहेर येतं ते निरनिराळ्या रंगांचं. प्लिनीला याचं नवल वाटलं होतं. मला ती नोंद वाचताना माझा शर्ट आठवला.

घाम रोखण्यासाठी काखेत लावतात त्या पदार्थांत ॲल्युमिनियमचे क्षार असतात. कापडाने रंग धरावा म्हणून त्याला आधी तुरटी लावतात, तिच्यातही ॲल्युमिनियमच असतं. म्हणजे त्या शर्टाच्या आधीच्या मालकाने, किंवा मालकिणीने, रोज सकाळी नकळत त्या दोन जागी कापडाला रंग धरायला तयार करून ठेवलं होतं. मी बाकीच्या शर्टाला तुरटी लावलीच नव्हती. ते दोन काळपट ठिपके लोखंडाचे. त्या जागी कोणीतरी रोज एखादा बिल्ला टाचत असणार. पिनेचा गंज धाग्यात उतरला, धुऊन धुऊन डोळ्यांना दिसेनासा झाला, पण गेला नाही. टरफलांच्या पाण्याशी गाठ पडली आणि काळा झाला. पाठीवरच्या पट्टीचा उलगडा मात्र मला आजवर झालेला नाही. मेण असेल, तेल असेल, एखाद्या चिकटपट्टीचा डिंक असेल.

शर्ट कोणाचा होता हे मला कधीच कळणार नाही. पण तो माणूस रोज कुठेतरी बिल्ला लावून जात होता आणि घामाची काळजी घेत होता, एवढं त्या कापडाने मला सांगितलं.

आपण म्हणतो रंग चढला, रंग बसला, रंग धरला. वनस्पतींच्या रंगांच्या बाबतीत यातला ‘धरला’ हाच शब्द खरा, आणि धरणारं कोण हे आधी ठरवावं लागतं. लोकर आणि रेशीम हे प्राण्यांपासून आलेले प्रथिनांचे धागे. तुरटीला आणि रंगाला ते सहज जवळ करतात. सूत हे झाडापासून आलेलं, म्हणजे सेल्युलोज. ते अलिप्त असतं. त्याला तुरटीसुद्धा नीट धरत नाही. म्हणून सुती कापडाला आधी टॅनिन द्यायचं. टॅनिन म्हणजे हिरड्यात, डाळिंबाच्या सालीत, चहात जो तुरटपणा असतो ना, तो. टॅनिन सुताला चिकटतं, तुरटी टॅनिनला चिकटते आणि रंग तुरटीला. अशी साखळी जुळली की मग तो रंग साध्या धुण्याने जात नाही. भारतातले कलमकारीचे कारागीर हिरड्यात भिजवलेल्या कापडावर लोखंडाचं पाणी फिरवतात तिथे काळी रेघ उमटते, आणि तुरटी लावतात तिथे मुळांचा लाल रंग चढतो. माझ्या शर्टावर जे अपघाताने घडलं ते ही माणसं शेकडो वर्षं जाणूनबुजून करत आली आहेत.

मीठ आणि व्हिनेगर यांचं इथे काही काम नाही. रासायनिक रंगांच्या काही प्रकारांत त्यांचा उपयोग होतो, तिथून ती सवय इकडे आली असावी. बीट, लाल कोबी, जांभळं यांचंही तेच. पातेल्यात काय देखणा रंग दिसतो! कापडावर तो चार धुण्यांचा आणि आठ दिवसांच्या उन्हाचा सोबती. नव्याने हात घालणारे बहुतेक जण बिटापासून सुरुवात करतात आणि तिथेच हिरमुसून थांबतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कांदा तितकाच सहज मिळतो, आणि कितीतरी जास्त टिकतो.

त्यानंतर मी कामाला लागलो ते आधी कापड ओळखायला. जुन्या कपड्यांवरच्या पट्ट्या बहुधा कापलेल्या असतात किंवा अक्षरं पुसलेली असतात. मग शिवणीच्या आतून दोन-चार धागे उपसून चिमट्यात धरून जाळायचे. सूत कागदासारखं जळतं, कागदासारखाच वास येतो, मऊ राखाडी राख उरते. लोकर आणि रेशमाला केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळतं, आक्रसतं आणि गार झाल्यावर त्याचा टणक मणी होतो. पॉलिएस्टरवर वनस्पतींचा रंग धरत नाही, कितीही उकळा. मिश्र कापड असेल तर त्यातलं सूत तेवढं रंगतं आणि एकूण रंग फिका, धुक्यासारखा येतो. तो कधीकधी फार सुंदर दिसतो, पण ते आधी माहीत असावं. आणखी एक परीक्षा पाण्याच्या थेंबाची. कापडावर थेंब टाकायचा. लगेच जिरला तर उत्तम. मण्यासारखा वर बसून राहिला तर कापडावर काहीतरी थर आहे, चुरगळू नये म्हणून दिलेला किंवा कापड मऊ करणाऱ्या द्रावणाचा.

आणि मग उकळणं. हा भाग सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो, मला सगळ्यांत आवडतो. स्वच्छ, धुतलेला, इस्त्री केलेला, नाकाला लावला तर साबणाचा वास येणारा शर्ट घ्यावा. मोठ्या पातेल्यात धुण्याच्या सोड्याबरोबर तासभर मंद उकळावा. अर्ध्या तासात पाणी पिवळं होतं, मग फिकट चहासारखं तपकिरी. वर बारीक साय धरल्यासारखी दिसते. साबणाचे थर, अंगाचं तेल, कधीतरी दिलेली खळ, कपाटातली धूळ, सगळं सुटं होऊन वर येतं. पाणी टाकून दुसरं घेतलं की तेही रंगतं, जरा कमी. तिसरं पाणी स्वच्छ राहिलं की समजायचं, आता फक्त कापड उरलं. ते हाताला वेगळंच लागतं, किंचित खरखरीत आणि तहानलेलं. कोऱ्या कापडापेक्षा अनेक वर्षं धुतलेलं सूत मला नेहमी जास्त मोकळं वाटतं. ते मऊ पडलेलं असतं, आटायचं तेवढं आटून झालेलं असतं, त्यामुळे उकळल्यावर अंगाला लहान होईल ही धास्तीही नसते.

मापं कोरड्या कापडाच्या वजनावर ठरतात. माझा नेहमीचा शर्ट २०० ग्रॅमच्या आसपास भरतो. त्याला ३० ते ४० ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात घालून रात्रभर भिजत ठेवायचं, पिळायचं, मग ३० ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवून त्यात पुन्हा रात्रभर. हिरड्याने शर्ट लोण्याच्या रंगाचा होतो. तुरटीत तो आणखी जरा उजळतो. टरफलं म्हणाल तर कापडाच्या निम्म्या वजनाची तरी हवीत, आणि १०० ग्रॅम सुकी टरफलं म्हणजे काय हे गोळा केल्याशिवाय कळत नाही. फुंकर मारली तर उडणाऱ्या त्या पापुद्र्यांनी भलीमोठी पिशवी भरते आणि काटा जागचा हलत नाही. महिनोन् महिने साठवावी लागतात. त्यांची घाई करता येत नाही.

रंगवायची पातेली वेगळी ठेवावीत, स्वयंपाकाला पुन्हा वापरू नयेत. पूड हाताळताना तोंडावर रुमाल बांधावा. आणि झाडापासून आलेलं म्हणून सगळं निर्धोक, असं मुळीच नाही. कण्हेरीची पानं उकळली तर तिचं विषही पाण्यात उतरतं. ज्या झाडाची पक्की ओळख नाही ते पातेल्यात घालू नये.

डाळिंबाची गंमत सांगायला हवी. डाळिंबी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दाण्यांचा तो टपोरा लाल रंग येतो. पण दाण्यांचा रंग कापडावर टिकत नाही. टिकतो तो सालीचा, आणि तो पिवळा. तुरटीवर मोहरीसारखा, आणि त्यात चिमूटभर हिराकस, म्हणजे लोहाचा क्षार, पडला की शेवाळी, राखी. आपल्या भाषेत रंगांची कितीतरी नावं अशी झाडापानांवरून आली आहेत. त्यातली काही दिसण्यावरून आली, काही खरोखरच रंगावरून. कुसुंबी हे दुसऱ्या जातीचं नाव आहे. तो रंग करडईच्या फुलांतून काढत. आधी त्या फुलांतला पिवळा रंग पाण्याने धुऊन काढून टाकायचा, मग उरलेल्या पाकळ्यांतला तांबडा क्षाराने सोडवून घ्यायचा. मी तो एकदाच केला. पिवळं पाणी ओतून देताना हात जड झाला होता.

हिराकसाबद्दल मात्र मी आयुष्यभर सावध राहीन. तो रंगाला खोली देतो, पिवळ्याचा शेवाळी करतो, तपकिरीचा जवळजवळ काळा. मला एक जुनी सुती चादर मिळाली होती, इतकी झिजलेली की प्रकाशाकडे धरली तर पलीकडचं दिसायचं. तिला मला ढगांचा रंग द्यायचा होता. डाळिंबाच्या सालीत रंगवली, वर हिराकस दिला, आणि रंग अजून गडद व्हावा म्हणून आणखी दिला. वजनाच्या दोन टक्क्यांच्या पुढे जाऊ नये हे मला माहीत होतं. रंग अप्रतिम आला, पाऊस भरून आल्यासारखा. काही महिन्यांनी झटकताना ती चादर मधोमध फाटली. वीण उसवली नव्हती, धागेच तुटले होते, बोटांनी चुरता येत होते. लोह सुताला आतून खातं, आणि जुन्या सुताला खायला फार वेळ लागत नाही. इतकी वर्षं कोणाकोणाच्या अंगाखाली टिकलेली ती चादर माझ्या हावेने गेली. तिचे तुकडे मी नमुन्यांसाठी वापरतो. प्रत्येक तुकडा हातात घेतला की ते आठवतं.

मंजिष्ठेचं वेगळं. ती माणसाला थांबायला लावते. तिच्या मुळांत अलिझरिन आणि त्याच्या जवळचे कितीतरी रंगकण असतात, लाल, नारिंगी, तपकिरी. पाणी ७० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की तपकिरी पुढे येतात आणि लाल मागे पडतो. म्हणून बोट जेमतेम घालवेल न घालवेल इतक्या गरम पाण्यात दोन-तीन तास, अधूनमधून हलवत बसायचं. जड पाणी, म्हणजे चुनखडीचं, इथे उपकारक ठरतं. कॅल्शियमने लाल खुलतो. मोहेंजोदडोला चांदीच्या भांड्याला चिकटून जो सुती कापडाचा तुकडा टिकून राहिला, तो मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांनी रंगवलेला होता. चार हजार वर्षांपूर्वी कोणीतरी असंच गरम पाण्याशी बसलेलं असणार, ऊब हाताने अजमावत.

हा सगळा व्यवहार एका माणसाच्या हयातीत मोडला. १८५६ मध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज मुलाने डांबरापासून क्विनीन करायला घेतलं आणि हाती लागला जांभळा रंग. १८६८ मध्ये ग्रेब आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अलिझरिन प्रयोगशाळेत घडवलं, आणि मंजिष्ठेची शेती पाहता पाहता बसली. १८९७ मध्ये कृत्रिम निळीची विक्री सुरू झाली. निळीच्या सक्तीने जे शेतकरी पिचले, त्यांच्याकडे पाहिलं तर जुना काळ सोन्याचा होता असं मी म्हणणार नाही. त्या निळीत फार दुःख होतं. म्हणून मला नैसर्गिक रंगाच्या कोऱ्या कपड्यांचं फारसं आकर्षण नाही. त्यासाठी नवा कापूस पिकवावा लागतो, नवं सूत काढावं लागतं. जो शर्ट आधीच विणून, शिवून, घालून झाला आहे, त्याला पाणी लागतं ते एवढ्या काही पातेल्यांचं.

नीळ स्वतः मात्र सगळ्यांपेक्षा न्यारी. तिला तुरटी नको, हिरडा नको. ती पाण्यात विरघळतच नाही. हवेपासून दूर ठेवून तिचं रासायनिक रूप बदलावं लागतं, तेव्हा ती विरघळते आणि निळी राहत नाही. एक भाग नीळ, दोन भाग चुना, तीन भाग फळांतली साखर, असं गरम पाण्यात मिसळून ठेवलं की काही तासांत वर तांबूस, झळझळीत पापुद्रा येतो आणि खाली पाणी पिवळसर हिरवं दिसतं. त्यात कापड हळूच सोडायचं, बुडबुडे न करता, कारण बुडबुड्यातून हवा आत जाते. काही मिनिटांनी बाहेर काढलं की ते हिरवं असतं, कोवळ्या पानासारखं. आणि मग हवेत, डोळ्यांदेखत, कडांपासून आत निळं होत जातं. घड्यांच्या आतला भाग शेवटपर्यंत हिरवा राहतो. घडी उलगडली की तोही विझतो. हे मी कितीदा पाहिलं असेल. अजूनही त्या दोन मिनिटांत मला कोणाशी बोलवत नाही.

टिकाऊपणाची परीक्षा मी खिडकीत घेतो. रंगवलेल्या कापडाची पट्टी अर्धी पुठ्ठ्याने झाकून दोन आठवडे उन्हात लावून ठेवायची. नीळ आणि मंजिष्ठा जवळपास तशाच राहतात. कांदा जरा खाली उतरतो. हळद, जी तुरटीशिवायही सुताला इतक्या प्रेमाने बिलगते, ती उन्हात उडून जाते. साबण लागला तर क्षणात लालही होते. तरी मी हळदीने रंगवतो. उतरली की पुन्हा रंगवता येतं.

आता शिवणीकडे येतो.

जवळजवळ प्रत्येक जुन्या शर्टाची शिवण पॉलिएस्टर धाग्याची असते. त्यामुळे कापड कोणत्याही रंगात बुडवा, शिवण पांढरी राहते. पहिल्या एक-दोन वेळा मला ते खटकलं होतं. आता मी त्याची वाट बघतो. पांढऱ्यावर पांढरी शिवण कोणाला दिसत नाही. मंजिष्ठेतून काढलेल्या लाल शर्टावर मात्र ती प्रत्येक टाका दाखवते. खांदा कुठे जोडला, बाही कशी चढवली, कॉलर किती वेळा दाबली, खिशाच्या कोपऱ्यात शिवणाराने सुई मागे नेऊन तीन टाके जास्त घातले ते, आणि एके ठिकाणी रेघ जरा घसरली तेही. यंत्रावर बसलेलं जे कोणी होतं, त्याच्या हाताची चाल वाचता येते.

गेल्या हिवाळ्यात एक शर्ट असाच मंजिष्ठेत घातला. रंगवण्याआधी दोनदा तपासला होता, कुठे भोक नाही, डाग नाही. वाळल्यावर इस्त्री करताना उजव्या कोपराजवळ कापड जरा भरीव लागलं. उजेडात धरलं. तिथे रफू होता. नखाएवढ्या जागेत आडवे-उभे धागे एकाखालून एक घातलेले, इतके सारखे की आधी पांढऱ्यावर पांढरे मला दिसलेच नव्हते. आणि ते रंगले होते. कारखान्याची सगळी शिवण पांढरी उरली होती आणि हा एवढाच दोरा लाल होता, म्हणजे सुती. चकाकी दिलेला असावा, कारण तसा दोरा रंग जास्त पितो, आणि हा भोवतालच्या कापडापेक्षा एक छटा गडद होता. कोणीतरी घरात बसून, बहुधा घालणाऱ्याला कळू न देता, हा कोपर सांधला होता.

मी तो शर्ट घालतो. गेल्या महिन्यात त्याच कोपराला, रफूच्या कडेला, पुन्हा विरायला लागलं. दोऱ्यांचा डबा काढला. लाल सुती दोरा होता, जुळणाराही होता. मी पांढरा सुती घेतला, चकाकीचा, आणि आधीच्या रफूच्या धाग्यांतूनच सुई घालत वीण पुढे नेली. माझे टाके तेवढे सारखे आले नाहीत. सध्या लाल बाहीवर तो पांढरा चौकोन स्पष्ट दिसतो. नवी मुळं भिजत घातली आहेत.